नऊ फुटी टाकीतले थोरले मॅनेजर

१

टाकी जागच्या जागी होती. नऊ फूट लांब, अडीच फूट रुंद. तिला हलवायला आठ माणसं लागणार होती, आणि ती आठही माणसं बंद थिएटरच्या पायऱ्यांवर बसून चहाची वाट बघत होती. नाहीसा झाला होता तो मासा.

ती काचेला नाक लावून उभी राहिली. लहानपणीही अशीच उभी राहायची, फक्त तेव्हा नाक टाकीच्या खालच्या कडेला लागायचं. पाणी निम्म्यावर उतरलं होतं. वाळू होती, सिमेंटचा किल्ला होता, मोटर एका कोपऱ्यात कोरडी लटकत होती. किल्ल्यामागे लपायला जागा नव्हती. हातभर लांबीचा मासा लपणार तरी कुठे? तरी तिनं चारी बाजूंनी वाकून पाहिलं. हातातल्या डब्यात उकडून मऊ केलेले वाटाणे होते. ते अजून कोमट होते.

थिएटर चार महिन्यांपूर्वी बंद पडलं होतं. खुर्च्या, पंखे, तिकीटखिडकीची जाळी, सगळं विकायला काढलेलं. पंधरवड्यापूर्वी ते कळल्यावर तिनं त्याच दिवशी फोन केला होता: प्रवेशदालनातली टाकी मी घेते, पण माशासकट. घरात नऊ फुटांची भिंत मोकळी करायला पुस्तकांची दोन कपाटं भावाकडे पाठवावी लागली. भाऊ म्हणाला, "तू मासा पाळणारेस की मासा तुला?" तिला समजावून सांगता आलं नसतं.

तिचे बाबा याच थिएटरात एकतीस वर्षं मशीनवर होते. सिनेमा चालवायचे ते, पण जीव टाकीत. ती शाळेतून थेट इथे यायची आणि टाकीच्या दिव्यात गृहपाठ करायची. मासा आला तेव्हा अंगठ्याएवढा होता आणि ती पंधरा वर्षांची. गोरामी जातीचा. वाढत वाढत तो एवढा झाला, की बाकीच्या माशांना काढून त्याला एकट्याला टाकी द्यावी लागली. काम काही नाही, पण आल्यागेल्याकडे नाराजीनं बघायचा, म्हणून थिएटरच्या लोकांनी त्याला मॅनेजर म्हणायला सुरुवात केली. मग मासा थोरले मॅनेजर, आणि खुर्चीवर येईल तो खरा मॅनेजर धाकटे. किल्ल्याच्या दारातून आपण आता आत जाऊ शकत नाही, हे थोरल्यांना तेवीस वर्षांत पटलं नाही. रोज एकदा डोकं घालून बघायचे. घासून घासून वरच्या ओठाला पांढरा घट्टा पडला होता.

दवाखान्यात शेवटच्या दिवसांत बाबा रोज विचारायचे, थोरले कसे आहेत, एकदा जाऊन बघून ये, तुझ्या हातून खातो तो. छापखान्यात तेव्हा पाठ्यपुस्तकांची मुद्रितं तपासायची घाई होती. दिवसभर छापखाना, संध्याकाळी दवाखाना. थिएटर दुसऱ्या टोकाला. एका शनिवारी तिनं सांगून टाकलं की जाऊन आले, बाबा. मजेत आहे. हातातून खाल्लं.

बाबा हसले होते. मंगळवारी ते गेले.

त्याला आठ महिने झाले. बोलून गेलेलं खोटं निदान उशिरानं तरी खरं करायचं, एवढ्यासाठी ती वाटाणे घेऊन आली होती. आणि टाकीत खाणारा नव्हता.

२

काचवाल्या मिस्त्रींना तिनंच बोलावलं होतं, टाकी हलवण्यापूर्वी सांधे तपासायला. ते कमरेतून वाकून टाकीभोवती फिरले, मग डाव्या मागच्या कोपऱ्यात बसले आणि जाजमावर तळहात दाबला. हात ओला झाला.

"गळलीय," ते म्हणाले. "पाणी कुणी नेलं नाही, ताई. आपलं आपण गेलंय."

तिला थोडं हायसं वाटलं. गळती लागली, कुणीतरी मासा वाचवायला उचलून नेला, इतकं साधं असेल. पण मिस्त्री तिथून उठेनात. सांध्यावरून अंगठा फिरवत होते, नखानं सिलिकॉनची कड उचलून बघत होते.

"ही सुकली होती कधी?"

कधीच नाही, तिनं सांगितलं. तीस वर्षं भरलेली आहे. बाबा पाणी बदलायचे तेव्हाही निम्म्याच्या खाली जाऊ द्यायचे नाहीत.

"तुमचे बाबा काय करायचे ते मला ठाऊक नाही," मिस्त्री म्हणाले, "पण ही बया सहा-आठ महिने कोरडी ठणठणीत पडून होती. सिलिकॉन बघा, आक्रसून भेगाळलंय. मग कुणीतरी एकदम गळ्यापर्यंत भरली. आठ-दहा दिवस दम धरला तिनं, काल सोडला."

"मी दहा दिवसांपूर्वी पाहिली तेव्हा भरलेली होती. मासा होता आत."

"असेल की. दहा दिवसांपूर्वीच भरली असेल."

धाकटे मॅनेजर त्यांच्या खोलीत खोक्यांच्या मधोमध बसले होते. मासा गेला म्हटल्यावर त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला आणि सांगितलं की आपण विकली ती टाकी, मासा यादीतच नाही. यादी त्यांनी तिच्यासमोर टाकली. थिएटर बंद झालं त्या आठवड्यात केलेली, त्यांच्याच अक्षरात.

पंधरा वर्षं मुद्रितं तपासून तिला एक सवय लागली होती. अर्थाकडे बघायचं नाही, अक्षराकडे बघायचं. अर्थाकडे बघितलं की डोळा आपल्याला हवं ते वाचतो. तिनं यादी शब्दाशब्दावर बोट ठेवून वाचली. उंदरांचे सापळेसुद्धा लिहिलेले होते, दोन, पैकी एक मोडका. मग: काचेची टाकी, एक. लोखंडी स्टँड, एक. सिमेंटचा किल्ला, एक. मोटर नाही. दिवा नाही.

मोटर का नाही लिहिली, असं तिनं विचारलं.

जे होतं ते लिहिलं, असं उत्तर आलं.

"म्हणजे तेव्हा मासाही नव्हता?"

धाकटे मॅनेजर जरा दुखावल्यासारखे झाले. "बाई, मी इथे आलो दोन वर्षांपूर्वी. त्या माशानं मला कधी मॅनेजर मानलं नाही. मी कशाला त्याला मोजू?"

मग स्वतःहूनच त्यांनी सांगितलं की थिएटरच्या किल्ल्या दोनच, एक त्यांच्याकडे आणि एक राखणीला राहिलेल्या टॉर्चवाल्या काकांकडे. आणि सकाळी फाटकातून एक तीनचाकी बाहेर पडताना दिसली होती. मागच्या बाजूला रंगीत मासे रंगवलेली.

३

ती तीनचाकी कुणाची, हे गावातलं शेंबडं पोरही सांगेल. रंगीत माशांच्या दुकानाचा मालक. लोक त्याला डॉक्टर म्हणायचे, कारण आजारी मासा दाखवला की तो आधी फी सांगायचा. बाबांच्या मागे लागून लागून त्यानं थोरल्यांना कितीदा तरी मागितलं होतं.

पण किल्ली त्याच्याकडे नव्हती. आत त्याला कुणीतरी घेतलं होतं.

टॉर्चवाले काका दाराशी त्यांच्या जुन्या स्टुलावर होते. चाळीस वर्षं त्यांनी अंधारात लोकांना जागा दाखवली होती. थिएटर बंद झाल्यावर ते राखणीला राहिले, आणि टॉर्च अजून कमरेला होती. ती लहान असताना ते तिला शेवटच्या रांगेत बसवायचे आणि भीतीचा प्रसंग आला की टॉर्चचा उजेड तिच्या पावलांवर टाकून ठेवायचे.

तिनं विचारलं, काका, काय झालं? ते म्हणाले, सकाळी आलो तर पाणी खाली. मासा? ते टॉर्चची काच सदऱ्याच्या टोकानं पुसायला लागले. मासेवाल्याला विचार, म्हणाले. मग हमालांचा चहा राहिलाय म्हणत उठले आणि फाटकाकडे चालू लागले. पाठ फिरवल्यावर त्यांचा वेग वाढला, हे तिनं पाहिलं.

ती टाकीकडे परतली. बाह्या वर करून आत हात घातला आणि मोटरीखालचा स्पंज ओढून काढला. पिळला. निघालं ते नितळ पाणी. स्पंज पांढराशुभ्र होता.

बाबांचा स्पंज काळपट तपकिरी असायचा आणि त्याला तळ्याच्या काठचा वास यायचा. आई म्हणायची, फेकून द्या ती घाण. बाबा म्हणायचे, ही घाण नाही, टाकीचं पोट आहे. नळाखाली तो स्पंज त्यांनी कधी धुऊ दिला नाही. टाकीतल्याच पाण्यात अलगद हलवायचा. महिनोन्महिने पाणी फिरलं की तो तसा होतो, आणि तसा झाला की मगच मासे सुखानं राहतात. हा दहा दिवसांचाही वाटत नव्हता.

तिनं स्पंज कडेला ठेवला आणि हात न पुसताच उभी राहिली.

दहा दिवसांपूर्वी ती टाकी बघायला आली तेव्हा टॉर्चवाले काका म्हणाले होते, नळीचा दिवा गेलाय, लांबूनच बघ, आज त्याचा मूड नाही. तिनं तरीही काचेवर बोट टेकवलं होतं. मासा दचकून टोकाच्या कोपऱ्यात गेला आणि तिथून हलला नाही. विसरला मला, असं वाटून ती परतीच्या वाटेवर सगळा वेळ बसच्या खिडकीबाहेर बघत बसली होती, शेजारच्या बाईला डोळे दिसू नयेत म्हणून.

अर्थाकडे बघितलं होतं तिनं. अक्षराकडे नाही.

सुकलेला सांधा. यादीत नसलेली मोटर. पांढरा स्पंज. आणि तिच्या बोटाला घाबरणारा मासा. तो तिला विसरला नव्हता. त्यानं तिला त्याआधी कधी पाहिलंच नव्हतं.

४

रंगीत माशांच्या दुकानात दमट, हिरवट वास होता आणि तीसेक मोटरी एका सुरात घुरघुरत होत्या. डॉक्टर गिऱ्हाइकाला समजावत होता की मासा मेला तर तो माशाचा दोष, दुकानाचा नाही. तिला पाहिल्यावर त्याचं वाक्य अर्ध्यावर राहिलं.

गिऱ्हाईक गेल्यावर तिनं सरळ विचारलं. तो आधी म्हणाला की आपण तिकडे गेलोच नाही. मग म्हणाला, गेलो होतो पण दुसऱ्या कामाला. मग कपाळावर हात मारून म्हणाला, ताई, मला विचारू नका, मी शपथ घेतलीय.

"कसली शपथ?"

"सांगणार नाही अशी." त्यानं थोडा विचार केला. "दाखवणार नाही अशी नाही घेतली."

दुकानाच्या मागच्या अंगाला एका मोठ्या टबावर ओलं पोतं टाकलेलं होतं. त्यानं ते बाजूला केलं. हातभर लांब गोरामी वर येऊन तोंड उघडझाप करत होता. रंग तोच, पोटाजवळचा सोनेरी पट्टा तोच. ती वाकली. वरचा ओठ नितळ होता.

"हा थोरला नाही," ती म्हणाली.

"थोरला कसला, सहा वर्षांचा आहे." एकदा बांध फुटल्यावर डॉक्टर थांबेना. त्यानं तेव्हाच सांगितलं होतं म्हणे, की कोऱ्या टाकीत नळाचं पाणी भरून लगेच मासा सोडत नाहीत, निदान महिना थांबा. पण समोरचा ऐकेल तर शपथ. तिला परवा यायचंय म्हणाला, महिना कुठून आणू. म्हणून मोटर दिली, नवा स्पंज दिला, दर दुसऱ्या दिवशी जाऊन पाणी बघितलं. काल संध्याकाळपासून मासा वर येऊन धापा टाकायला लागला, आज सकाळी पाणी निम्मं. उचलून आणला नसता तर दुपारपर्यंत आडवा झाला असता.

"माझा मासा मी परत आणला, ताई. ही चोरी नाही. विकला असता तर गोष्ट वेगळी. मी तो भाड्यानं दिला होता."

"मासा? भाड्यानं?"

"मी पण हेच म्हटलं. तर तो रडायला लागला हो. चाळीस वर्षांचा दोस्त, कसं नाही म्हणणार?" आणि मग शपथेची आठवण होऊन त्यानं जीभ चावली. पण चाळीस वर्षांची दोस्ती राखणाऱ्या माणसांत तिच्या ओळखीचा एकच उरला होता.

५

टॉर्चवाले काका प्रेक्षागृहात होते. खुर्च्या उचलून नेलेल्या, जमिनीवर बोल्टांची भोकं रांगेनं राहिलेली. ते पाचव्या रांगेच्या जागी उभे होते, कुणाला तरी सोडून परत निघाल्यासारखे.

मासा बघून आले, ती म्हणाली. दुकानातला.

ते पायऱ्यांवर बसले. तीही दोन पायऱ्या खाली बसली.

मग त्यांनी सांगितलं ते असं. बाबा दवाखान्यात गेल्यावर थोरल्यांना खायला घालायचं काम त्यांच्याकडे आलं. दोन आठवडे सगळं ठीक. मग मासा तळाशी जाऊन बसू लागला, खाईना. डॉक्टरला आणलं. तो म्हणाला, वय झालं, औषध नाही. "तुझे बाबा इथे नव्हते म्हणून नाही हं," काका म्हणाले. "तसलं काही मनात आणू नको. म्हातारा झाला होता." एका सकाळी तो कुशीवर तरंगत होता. धाकट्या मॅनेजरांनी त्याच दिवशी टाकी रिकामी करायला लावली, वास येईल म्हणून.

"कुठल्या दिवशी?" तिनं विचारलं.

"गुरुवार होता. तुझे बाबा जायच्या आधीचा."

ती मनातल्या मनात दिवस लावू लागली. लावायची गरज नव्हती. तिनं सांगितलं होतं शनिवारी.

"रविवारी मी दवाखान्यात गेलो," काका सांगत होते. "ठरवून गेलो होतो, की सांगायचं. किती दिवस लपवणार? तर मी खुर्ची ओढायच्या आतच तुझे बाबा म्हणाले, अरे, काल पोरगी जाऊन आली. तिच्या हातून खाल्लं म्हणे त्यानं. इतके खूश होते." त्यांनी टॉर्च कमरेची काढून मांडीवर घेतली. "मी काय बोलणार? म्हटलं, हो, तिच्याकडूनच खातो तो."

ती खाली भोकांच्या रांगेकडे बघत राहिली.

"मला वाटलं, तू आलीस, रिकामी टाकी पाहिलीस आणि बाबांसाठी तसं बोललीस. बायकोला जाऊन सांगितलं, पोरगी शहाणी निघाली. आठ महिने मी तसंच समजत होतो. मग तुझा फोन आला. धाकटे मला येऊन म्हणाले, तिला मासापण हवाय."

काकांनी मांडीवरची टॉर्च उलटी करून ठेवली.

"तेव्हा कळलं की तू आलीच नव्हतीस."

६

बाहेर हमालांपैकी कुणीतरी हसत होतं. मिस्त्री त्यांना ओरडले.

तिनं विचारलं, मग मला सांगायचं ना? फोनवर एक वाक्य पुरलं असतं.

"आणि तू विचारलं असतंस, कधी गेला, तर? वार सांगावा लागला असता. मग तुला कळलं असतं, की मला कळलंय." त्यांनी हा सगळा हिशेब किती वेळा करून पाहिला असेल, ते त्यांच्या सावकाश बोलण्यावरून दिसत होतं. "धाकट्यांना गप्प राहायला सांगितलं. म्हटलं, एक मासा आणून सोडायचा. तो नेशील, घरी खायला घालशील, होईल तुझा. कुणाला काही कळायचं कारण नाही. त्या टाकीनं घात केला."

एवढ्या मोठ्या माणसानं तिची लाज झाकण्यासाठी नऊ फुटी टाकी बादल्यांनी भरली होती. मग आपलं जे होतं ते तिनं मोठ्यानं म्हटलं, कारण ते कुणापाशी तरी एकदा म्हणायला हवं होतं.

"मी गेले नव्हते, काका. वेळ नव्हता असंही नाही. शनिवारी दुपारी मी घरी झोपले होते. फार दमले होते."

"हो," काका म्हणाले. "दमतं माणूस."

"बाबांना कळलं असेल?"

ते खोटं बोलतील, असं तिला वाटलं. "ते नाही मला सांगता येणार," म्हणाले. "चेहऱ्यावरून तरी खरं धरल्यासारखे दिसले. पण तो माणूस मशीनमागे बसायचा. त्याचा चेहरा मी कितीसा पाहिलाय?"

थोरल्यांना कुठे पुरलं, असं तिनं विचारलं, तसे ते उठले आणि पडद्याशेजारच्या दारानं तिला मागच्या अंगणात घेऊन गेले. भिंतीला लागून एक पाण्याचा नळ होता, त्याच्याजवळ मातीचा जरा उंचवटा. गवत तिथे बाकीच्यापेक्षा दाट. एका जुन्या पोस्टरमध्ये गुंडाळून ठेवला, काकांनी सांगितलं, तेवढं लांब दुसरं काही सापडेना.

"कुठल्या सिनेमाचं पोस्टर?"

"विनोदी होता. एक आठवडाही चालला नाही."

तिला हसू आलं, आणि त्याच्या मागोमाग दुसरं जे येत होतं तेही तिनं या वेळी येऊ दिलं. काका नळ घट्ट आहे का ते बघायला वळले आणि बराच वेळ तो पिळत राहिले. तिनं डबा उघडला, वाटाणे आता गार झाले होते, आणि ते मूठभर गवतात ठेवले. पक्षी नेतील.

मिस्त्री दारातून डोकावले. सांधे सगळे नव्यानं भरावे लागतील, चार दिवसांचं काम आहे, त्यांनी सांगितलं. आणि आत टाकायला काही नसेल तर एवढी बला घरी न्यायची कशाला, हेही विचारलं. हमाल खोळंबलेत. उचलू की सोडू?

मासा नव्हता. नऊ फुटांची गळकी काच होती, आणि घरी एक रिकामी भिंत.

"उचला," ती म्हणाली.

काकांनी नळ सोडला. "कशासाठी ग?"

तिनं डबा बंद करून पिशवीत टाकला. टाकी भरून महिना-दीड महिना पाणी नुसतं फिरवावं लागेल, ती म्हणाली. तेवढ्यात तिला बाकीचं शिकावं लागेल. तिनं बाबांना करताना पाहिलंय, स्वतः कधी केलेलं नाही. तुम्ही दर रविवारी दोनला याल?

"दोनला मी झोपतो."

"मग चारला या."

आतून मिस्त्रींचा आवाज आला, सगळ्यांनी एकदम, आणि आठ माणसांनी दम धरल्याची शांतता. काकांनी दार उघडून धरलं आणि सवयीनं टॉर्च लावून तिच्या पुढच्या पायरीवर धरली.